घरचा कॉम्प्युटर (लेखांक ९) : परका हात फिरून गेल्यावर

‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय’ असं सांगणारा फोन माणसाला कसा गुंतवतो, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज त्याच्या पुढचं. फोन येऊन गेला, तो माणूस तासभर कॉम्प्युटरमध्ये वावरला, पैसेही गेले. आता त्या यंत्राचं काय करायचं?

गेल्या वर्षी दिवाळीनंतर सांगलीहून मावशीचा फोन आला, तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होतो. “अरे, मी काहीतरी भलतंच करून बसले. बाण आपोआप हलतोय.” समोरच्याने तिला आधी इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतल्या लाल खुणा दाखवल्या होत्या. मग काळ्या खिडकीत ‘असॉक’ अशी आज्ञा द्यायला लावून एक लांबलचक क्रमांक वाचून दाखवला होता. “हा तुमच्याच मशीनचा नंबर, बघा, आमच्याकडे नोंद आहे,” असं तो म्हणाला. लाल खुणा धडधाकट कॉम्प्युटरवरही शेकड्याने दिसतात. ८८८डीसीए६० ने सुरू होणारा तो क्रमांक तर विंडोजच्या प्रत्येक यंत्रावर सारखाच असतो. मावशीला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिने दूरनियंत्रणाचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, त्यातला आकडा त्याला सांगितला आणि ‘सुरक्षा योजने’चे ४,९९९ रुपये यूपीआयने भरले.

मी तिला पहिली गोष्ट सांगितली ती राउटरचं बटण बंद करायची. इंटरनेट तुटलं की तो माणूस त्याच क्षणी बाहेर पडतो. राउटर सापडत नसेल, वर कुठेतरी टांगलेला असेल, तर कॉम्प्युटरचंच बटण दहा सेकंद दाबून धरावं. अर्धवट राहिलेलं काम जाईल, जाऊ द्यावं. फोनवरच्या माणसाशी वाद घालत बसू नये, कारण आपण बोलत असतो तेवढ्या वेळात त्याचा हात चालूच असतो.

यानंतर बहुतेक घरांत एक चूक होते. सगळे कॉम्प्युटरभोवती गोळा होतात. त्या घडीला कॉम्प्युटर महत्त्वाचा नसतो, बँक महत्त्वाची असते. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर फोन करायचा, इंटरनेटवर शोधून मिळालेल्या नंबरावर नाही, कारण तिथे बनावट नंबर पेरलेले असतात. खातं, कार्ड, यूपीआय थांबवायला सांगायचं आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात याचं कारण स्पष्ट आहे. ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून फोन केल्याची वेळसुद्धा वहीत टिपून ठेवावी.

लगेच १९३० लावायचा. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या यंत्रणेचा हा आर्थिक सायबर फसवणुकीसाठीचा क्रमांक आहे. तक्रार नोंदली की ती संबंधित बँकांकडे जाते आणि पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी सापडले तर तिथेच गोठवता येतात. रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवावा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरही तक्रार करता येते.

मग पासवर्ड. तेही त्या कॉम्प्युटरवरून नाही, फोनवरून बदलायचे. (त्या माणसाने फोनवरही एखादं अॅप उतरवायला लावलं असेल, तर दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून.) सुरुवात ईमेलपासून करायची, कारण बाकी सगळ्या खात्यांच्या ‘पासवर्ड विसरलात?’च्या चिठ्ठ्या तिथेच येतात. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. ईमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन आपली पत्रं कोणा अनोळखी पत्त्यावर आपोआप पाठवली जात नाहीत ना, हे बघायचं. खात्याला जोडलेल्या उपकरणांच्या यादीतून तो कॉम्प्युटर बाहेर काढायचा. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड त्याने पाहिलेच आहेत, असं धरून चालायचं. मावशीचे अकरा निघाले. वीजबिलापासून भिशीच्या हिशेबाच्या वहीपर्यंत सगळे आम्ही एका संध्याकाळी बदलले.

आता कॉम्प्युटर. मावशीच्या शेजारचा मुलगा मदतीला आला आणि म्हणाला, “काका, ते सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करतो, झालं काम.” मी त्याला थांबवलं. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर ही सॉफ्टवेअरं स्वतः वाईट नाहीत, कार्यालयांत रोज वापरतात. पण त्यांत कायमचा पासवर्ड लावून ठेवता येतो, मग मालकाला न विचारता केव्हाही आत येता येतं. शिवाय तासाभरात त्याने दुसरं काय ठेवलं, कोणतं काम वेळापत्रकाला लावलं, अँटिव्हायरसला कोणतं फोल्डर तपासू नकोस म्हणून सांगितलं, हे एकेक करून शोधणं जाणकारालाही अवघड जातं. डिफेंडरची ऑफलाइन तपासणी विंडोज सुरू होण्याआधी चालते. ती चांगली आहे, पण तिला फक्त व्हायरस सापडतात. रीतसर मिळणारं दूरनियंत्रणाचं सॉफ्टवेअर व्हायरस नसतं, ते तिच्या नजरेतून सुटू शकतं. म्हणून माझं मत पक्कं आहे: परका माणूस आत बसून गेला असेल, तर डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने घालावं.

पुसण्याआधी पुरावा जपावा. ज्या सॉफ्टवेअरमधून तो आला त्यात त्याचा आकडी पत्ता दिसत असेल, तर त्याचे, आलेल्या नंबराचे आणि पैसे भरल्याच्या नोंदीचे मोबाइलवर फोटो घ्यावेत. मोठी रक्कम गेली असेल, तर यंत्र पुसण्याआधी पोलिसांना विचारावं.

लोक इथे अडतात ते फोटोंपायी. मावशीही अडली. नातवाच्या बारशापासूनचे फोटो त्यात होते. इंटरनेट बंदच ठेवून फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेता येतात. फक्त प्रोग्राम आणि इन्स्टॉल करायच्या फाइली बरोबर घेऊ नयेत, आणि नव्या विंडोजमध्ये परत घालण्याआधी ती डिस्क तपासून घ्यावी. यात एकही फोटो हरवत नाही.

त्यानंतर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी आणि ‘रीसेट धिस पीसी’. तिथे ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडायचं आणि पुढे ‘क्लाउड डाउनलोड’. त्याला चार जीबीच्या वर डेटा लागतो, आणि त्यासाठी राउटर पुन्हा सुरू करावा लागतो. किंवा दुसऱ्या, निर्धोक कॉम्प्युटरवर किमान आठ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करून त्यावरून विंडोज घालायचं. मला हाच मार्ग जास्त भरवशाचा वाटतो. डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप असेल, तर त्याची किल्ली सहसा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती आधी कागदावर उतरवून घ्यावी.

एक जुना प्रकार अजूनही जुन्या यंत्रांवर आढळतो. विंडोज ७ सारख्या आवृत्तीत ‘सिस्की’ नावाची सोय होती. पैसे द्यायला नकार दिला की हे लोक तिथे पासवर्ड घालून ठेवत. मग कॉम्प्युटर सुरू होतानाच पासवर्ड मागे. २०१७ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीतून ही सोय काढून टाकली. असं कुलूप दिसलं तरी पैसे देऊ नयेत. डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून फाइली बहुधा काढता येतात.

मावशीचे पैसे अद्याप परत आलेले नाहीत. पण तिला सर्वांत जास्त लागलं ते तिच्या यजमानांचं, “एवढी शिकलेली तू...” हे वाक्य. घरातल्यांना माझी कळकळीची विनंती आहे, असं बोलू नका. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा ७०० हून अधिक माणसं ताब्यात घेतली होती. करखात्याच्या नावाने अमेरिकेतल्या लोकांना धमकावण्यासाठी त्यांना संवाद लिहून दिलेले होते. समोर असा शिकवून तयार केलेला माणूस असतो. रागावलेल्या घरात पुढच्या वेळी कोणी काही सांगत नाही, आणि पैसे सापडण्याच्या दृष्टीने पहिला तासच मोलाचा असतो.

नवव्या दिवशी मावशीला दुसरा फोन आला. “आमची कंपनी बंद होतेय, तुमचे ४,९९९ परत करायचे आहेत, तेवढं कॉम्प्युटर चालू करा.” एकदा पैसे दिलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, त्यामुळे हा फोन बहुधा येतोच. तिने तो ठेवून दिला आणि नंबर संचार साथी संकेतस्थळाच्या ‘चक्षू’ विभागात नोंदवला. तुम्हालाही असा फोन आला, तर पैसे गेले नसले तरी तिथे नक्की कळवा.