पारितोषिकाचा अर्ज आणि मार्गदर्शक

डॉ. एडवर्ड्स डेमिंग यांनी 1950 साली जपानमध्ये दिलेल्या व्याख्यानांच्या पुस्तिकेचे मानधन तेथील शास्त्रज्ञ व अभियंते यांच्या संघास अर्पण केले, आणि त्यातून 1951 मध्ये जे गुणवत्ता-पारितोषिक सुरू झाले, त्यात अर्जदारांची परस्परांशी तुलना न करता प्रत्येकाने ठरावीक इयत्ता गाठली की नाही एवढेच पाहिले जाते. म्हणून एका वर्षी अनेक संस्था सन्मानित होऊ शकतात. लेखी अहवाल पसंत पडल्यावर परीक्षक प्रत्यक्ष कारखान्यात येतात, आणि तेथे अलंकारिक भाषेचा काडीचाही उपयोग होत नाही.

अशा परीक्षेची तयारी करवून घेणारा मार्गदर्शक हा मसुदा सजवून देणारा लेखनिक खचितच नव्हे. दोषांचे प्रमाण घटले, असे विधान अर्जात आढळताच ते कोणत्या मुदतीत घटले, कोणत्या उपायाने घटले आणि त्याचा दाखला दप्तरात कोठे आहे, असे तो विचारतो, व समाधानकारक उत्तर न मिळाल्यास ते वाक्य खोडावयास लावतो. त्याची ही कठोरता हाच, माझ्या मते, त्याचा सर्वांत मोठा उपकार होय. चेन्नईच्या सुंदरम-क्लेटनच्या ब्रेक विभागाने प्रा. योशिकाझू त्सुदा यांच्या मार्गदर्शनाखाली दीर्घकाळ परिश्रम करून 1998 मध्ये हे पारितोषिक मिळविले. 2003 मध्ये मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागासही ते लाभले.

अर्ज करू इच्छिणाऱ्या व्यावसायिकांनी मार्गदर्शकास अखेरच्या महिन्यात न बोलाविता कामाच्या आरंभीच पाचारण करावे, ही आग्रहाची विनंती.