अर्ज कोणाचा, पारख कशाची?



संशोधनास पैसा लागतो, आणि तो बहुधा अर्ज करूनच मिळवावा लागतो. संशोधक आपली योजना कागदावर मांडतो, त्या विषयातील जाणकारांची समिती तीस गुण देते, आणि ज्यास अधिक गुण त्यास अनुदान मिळते. परीक्षक विद्वान आणि कसोट्या आधीच ठरलेल्या. मग अर्जदार स्त्री आहे की पुरुष, हा विचार येथे यावाच कशाला?

इंदुरात जन्मलेल्या कमला भागवत यांनी १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेत त्या पहिल्या आल्या होत्या. तरीही केवळ स्त्री म्हणून संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रथम नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष काम पाहून मग ठरवू, अशा अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. पुढे १९३९ साली त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. कमला सोहोनी त्या ह्याच.

तो नकार निदान उघड होता. त्याच्याशी भांडता येत होते. गुणांच्या आकड्यांत दडलेल्या नकाराशी भांडावे कसे?

स्वीडनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेकडे १९९५ साली डॉक्टरेटनंतरच्या संशोधनवृत्तीसाठी ११४ अर्ज आले : ६२ पुरुषांचे, ५२ स्त्रियांचे. वृत्ती मिळाल्या २०. त्यांपैकी १६ पुरुषांना आणि ४ स्त्रियांना. क्रिस्टीन वेनेरोस व आग्नेस वोल्ड या दोन संशोधिकांनी परीक्षकांचे गुण पाहावयास मागितले. परिषदेने ते दिले नाहीत. न्यायालयाने मात्र हे गुण म्हणजे सरकारी दस्तऐवज होत, असा निर्णय दिला. मग या दोघींनी प्रत्येकाचे प्रसिद्ध लेख आणि त्या नियतकालिकांचे वजन मोजून गुणांशी ताडून पाहिले. निष्कर्ष ‘नेचर’मध्ये १९९७ साली छापून आला. पुरुषाइतकेच गुण मिळविण्यास स्त्रीला सुमारे अडीच पट काम दाखवावे लागत होते! शिवाय ज्याचा समितीतील कोणाशी पूर्वीचा संबंध, त्यासही गुण अधिक मिळाले होते.

परीक्षक लबाड होते, असे नव्हे. झोक कोठे जातो, हे कॅनडातील अनुभवावरून कळते. तेथील आरोग्य संशोधन संस्थेने २०१४ साली अनुदानाच्या दोन वाटा केल्या. एकीत मुख्यतः योजनेची पारख होई, तर दुसरीत मुख्यतः संशोधकाची. २०११ ते २०१६ या काळातील सुमारे २४ हजार अर्ज तपासले गेले आणि निष्कर्ष २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. वय आणि विषय यांतील फरक जमेस धरूनही, जेथे योजना तोलली तेथे स्त्रियांचे यश शेकडा ०.९ ने कमी होते. जेथे व्यक्ती तोलली तेथे शेकडा ४ ने. म्हणजे कामाकडे पाहिले की दृष्टी बरीच सरळ राहते. ‘हा माणूस मोठा होणार’ असा अंदाज बांधू लागलो की ती वाकते.

शिक्षकाच्या पेशात मी हे स्वतः अनुभवले आहे. उत्तरपत्रिकेवर हुशार मुलाचे नाव दिसले की संशयाचा फायदा नकळत त्याच्या पदरी पडतो. म्हणून मी पहिले पान उलटून ठेवूनच तपासावयास बसतो.

अनुदान समित्यांनाही असे उपाय करता येतात. योजनेचे गुण आधी द्यावेत, आणि प्रत्येक कसोटीचे निराळे. ओळखीच्या अर्जाच्या वेळी सदस्याने उठून बाहेर जावे. बाळंतपणात गेलेली वर्षे वजा करून काम मोजावे. आणि दरवर्षी स्त्रियांचे व पुरुषांचे अर्ज किती, मंजूर किती, हे प्रसिद्ध करावे.

ही स्त्रियांस सवलत नव्हे काय, असे कोणी विचारील. वजनमापे तपासणारा अंमलदार गिऱ्हाइकास जास्त धान्य देववीत नाही, की दुकानदारास चोरही म्हणत नाही. तो फक्त तराजूचा पासंग पाहतो. स्वीडनमध्ये वृत्ती नाकारल्या गेलेल्या ४८ स्त्रियांपैकी कोणाकोणाचे संशोधन त्यामुळे अडून राहिले, हे आज कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही. तराजू वेळीच पाहावयाचा तो एवढ्याचसाठी.