मेल्यावर उरतं काय?

‘रोग’ हा १९८० चा संगणकावरचा खेळ. नावाचा आजाराशी संबंध नाही. इंग्रजीत त्याचा अर्थ भामटा. कॅलिफोर्नियातल्या मायकेल टॉय आणि ग्लेन विकमन या विद्यार्थ्यांनी तो रचला. पडद्यावर चित्रं नाहीत. राक्षस म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं. भुयार मात्र दर डावाला नवं, त्यामुळे वाट पाठ करून उपयोग नाही. निळं औषध आज तारेल, पुढच्या डावात तेच विष ठरेल. आणि मेलात की सगळं गेलं! उरते ती तुमची अक्कल: कुणाशी भिडायचं, कुठून पळायचं.

इतकं कठोर सगळ्यांना कुठून सोसणार? म्हणून ‘रोगलाइट’ ही मवाळ शाखा निघाली. ‘रोग लेगसी’त (२०१३) नायक मेला की वारस येतो, एखादा रंगांधळाही असतो, आणि मागच्याची नाणी खर्चून वाडा वाढवतो. पण वारसा फार झाला की खेळणारा शहाणा होत नाही, नुसता श्रीमंत होतो. ‘हेडीज’मधली (२०२०) तोड मला अधिक पटते. तिथेही थोडी शिदोरी मिळते; पण पाताळातून पळू पाहणारा राजपुत्र मेला की घरीच परततो, आणि घरातली माणसं त्याच्याशी नवं काही बोलतात. ते ऐकायला हरलेलाही पुन्हा बसतो.