रायफलची नळी बदलायचीय? लेथवाल्याकडे नेऊ नका

निवडणुकीची आचारसंहिता लागली की बऱ्याच जणांना परवान्याची हत्यारं जमा करावी लागतात. परत आणल्यावर कळतं, नळीला आतून गंज धरलाय. मग पारावर सल्ला मिळतो, "नळी म्हणजे पाईपच की, तालुक्याला लेथवर बसवून आण." हा सल्ला जिवावर बेतू शकतो.

आपल्याकडची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल म्हणजे बहुतेक पश्चिम बंगालच्या ईशापूर कारखान्यातली ३१५ बोअर. तिची घडण जुन्या ली-एनफील्डसारखी. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात, त्यामुळे गोळी फिरत सरळ जाते. काडतुसाच्या पुढचा भाग गरम वायूने आधी झिजतो, गंज लागला की खाचा जातात आणि नेम चुकतो. पण कधी कधी नुसता मळ साचलेला असतो. नीट साफसफाई केल्यावर नळी बदलायची गरजही उरत नाही. आधी तेच बघावं.

नळीला मागच्या टोकाला आटे असतात आणि ती बॉडीत फिरवून घट्ट बसवतात. ती नेमक्या जागी थांबली पाहिजे, नाहीतर पुढची माशी तिरपी राहते. इथवर एखादा हुशार फिटर करेलही.

खरी अडचण पुढं आहे. काडतुसाच्या बुडाला कड असते. ती कड नळीचं तोंड आणि बोल्ट यांच्यामध्ये बसते. तिथल्या जागेला हेडस्पेस म्हणतात. ही जागा केसाएवढी कमी झाली तर बोल्ट लागत नाही. जास्त झाली तर बोल्ट लागतो, बारही उडतो, पण पितळी केस ताणून मागून फाटू शकते आणि जळता वायू मागं येतो. नेम धरणाऱ्याचा डोळा तिथून वीतभर अंतरावर असतो! म्हणून कारागीर दोन गेज लावतात. एकावर बोल्ट लागलाच पाहिजे, दुसऱ्यावर लागताच कामा नये. फरक निघाला तर बोल्टचं डोकं बदलतात. दुसऱ्याच्या रायफलचा बोल्ट आणून घालणं याच कारणाने धोक्याचं. शेवटी जादा दाबाचं काडतूस दुरून उडवून नळीची परीक्षा घेतात.

कायद्याचंही बघा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे धंदा म्हणून हत्यार दुरुस्त करायला वेगळा परवाना लागतो. लेथवाल्याकडे तो नसतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान ७ वर्षांची शिक्षा आहे. तोंड फुगलं म्हणून नळी कापून आखूड करणं कलम ६ मध्ये येतं, तिथंही शिक्षा तेवढीच. नंबर खरवडला तर कलम ८ लागू होतं.

तेव्हा आधी परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारा, मग दुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानात मूळ कागदांसह जा. बिलावर रायफलचा आणि नव्या नळीचा नंबर लिहून घ्या. आणि रायफल ताब्यात घेताना दोन्ही गेज समोर लावून दाखवायला सांगा.