संगणकनामे, यादृच्छिक

संगणकजालातील यंत्रांना आज्ञावलीच्या साहाय्याने आपोआप दिलेल्या, उच्चारण्यास व लक्षात ठेवण्यास सोप्या, परंतु यंत्राच्या कार्याशी अर्थाने संबंध नसलेल्या नावांना यादृच्छिक संगणकनामे म्हणतात. अशी नावे तयार करणाऱ्या आज्ञावलीस नामजनित्र म्हणता येईल.

यंत्रे परस्परांना अंकी पत्त्यांनी ओळखतात. मनुष्याला मात्र शब्द अधिक सहजतेने आठवतात. क्र. ४७१७ व क्र. ४७७१ या यंत्रांत गफलत होऊन चालू यंत्र बंद केले गेल्यास त्यावर अवलंबून असलेली सेवा खंडित होते. ‘शांत हरिण’ व ‘चपळ गरुड’ यांत अशी गफलत होणे कठीण असते.

इतिहास : प्रारंभी एखाद्या संस्थेत मोजकीच यंत्रे असत व त्यांना ग्रह, पुराणांतील देवता, पक्षी इत्यादींची नावे विचारपूर्वक देण्यात येत. १९८७ मध्ये आंतरजालाच्या नामपद्धतीचे नियम निश्चित झाले व नावाच्या प्रत्येक घटकास ६३ वर्णांची मर्यादा पडली. ऑगस्ट १९९० मध्ये डॉन लिब्स यांनी ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’ या मालेतील क्र. ११७८ च्या टिपणात नावे निवडण्याविषयी मार्गदर्शन केले. यंत्राला त्याच्या प्रकल्पाचे किंवा मालकाचे नाव देऊ नये, कारण ते पुढे बदलतात. तसेच कामकाजात नित्य वापरला जाणारा शब्द निवडू नये, असे त्यांनी सुचविले. एखाद्या यंत्राचे नावच ‘अप’ असेल, तर ते बंद पडल्यावर होणारा घोटाळा उघड आहे. पुढे मेघसंगणनामुळे काही मिनिटांत शेकडो यंत्रे निर्माण व नष्ट होऊ लागली आणि हाताने नावे देणे अशक्य झाले. येथून नामजनित्रांचा प्रसार झाला.

रचना : नामजनित्रात दोन वा अधिक शब्दसूची असतात. छद्मयादृच्छिक संख्येच्या आधारे प्रत्येक सूचीतून एकेक शब्द घेऊन ते जोडण्यात येतात. ‘पेटनेम’ ही आज्ञावली क्रियाविशेषण, विशेषण व नाम यांच्या सूची वापरते. २०१३ मध्ये खुल्या झालेल्या डॉकर या प्रणालीत कंटेनरांसाठी विशेषण व शास्त्रज्ञाचे नाव यांची जोडी करतात. तीत आर्यभट, पाणिनी, रामानुजन, रामन, भाभा यांचीही नावे आहेत. ‘कंटाळवाणा’ या अर्थाचे विशेषण व वॉझ्निअ‍ॅक हे आडनाव यांची जोडी मात्र या आज्ञावलीत मुद्दाम वगळण्यात आली आहे.

पुनरावृत्ती : १०० विशेषणे व २०० नामे यांपासून २०,००० जोड्या होतात. ही संख्या पुरेशी वाटली, तरी केवळ सु. १६७ नावे काढली असता त्यांत एखादे नाव दोनदा येण्याची संभाव्यता निम्म्यावर पोहोचते; कारण येथे प्रत्येक नव्या नावाची तुलना आधीच्या सर्व नावांशी होते. दोन अंकांची भर घातल्यास जोड्या २० लाख होतात, तरीही ही सीमा सु. १,६६५ पर्यंतच सरकते. म्हणून नाव देण्यापूर्वी ते वापरात नसल्याची नोंदवहीत खात्री करून घेणे आवश्यक ठरते. डॉकरमध्ये नाव आधीच घेतलेले आढळल्यास पुढील प्रयत्नात नावाअंती एक अंक जोडतात.

शब्दसूची : नामजनित्राची गुणवत्ता मुख्यतः सूचीवर अवलंबून असते. शब्द आखूड, परिचित व दूरध्वनीवरही वेगळे ऐकू येणारे असावेत. दोन निरुपद्रवी शब्दांच्या जोडीतून अपमानकारक अर्थ निघू शकतो, त्यामुळे जोड्याही तपासाव्या लागतात. फिलिप झिमरमन व पॅट्रिक जुओला यांनी १९९५ मध्ये रचलेल्या पीजीपी शब्दसूचीत २५६ द्व्यक्षरी व २५६ त्र्यक्षरी इंग्रजी शब्द असून ते आळीपाळीने वापरतात. परिणामी वाचताना एखादा शब्द गळाल्यास वा शेजारचे शब्द उलटसुलट झाल्यास ते लगेच लक्षात येते. ही सूची यादृच्छिक नावांसाठी नसून दिलेली संख्या शब्दांत मांडण्यासाठी आहे. तथापि शब्दनिवडीची तत्त्वे दोहोंत समान आहेत.

मराठीतील प्रश्न : मराठीत अनेक विशेषणे लिंगानुसार बदलतात : निळा हत्ती, निळी चिमणी, निळे फुलपाखरू. म्हणून नामांबरोबर त्यांच्या लिंगाची नोंद ठेवावी लागते अथवा ‘लाल’, ‘शांत’, ‘चपळ’ यांसारखी अविकारी विशेषणेच घ्यावी लागतात. ऱ्हस्वदीर्घाने भिन्न होणारे ‘दिन’ व ‘दीन’ यांसारखे शब्द टाळावे लागतात. आंतरजालाच्या नामपद्धतीत देवनागरी नावे रोमन वर्ण व अंक यांच्या सांकेतिक रूपात साठविली जातात; ते रूप मनुष्यास वाचण्याजोगे नसते.

मर्यादा : स्मरणसुलभता व यादृच्छिकता या परस्परांना मर्यादा घालतात. सूची आखूड व परिचित ठेवावी, तर जोड्या कमी होतात. वाढवावी, तर अपरिचित शब्द शिरतात. २०,००० जोड्या यंत्राच्या साहाय्याने अल्पावधीत तपासून पाहता येतात. म्हणून असे नाव गुप्तशब्दाऐवजी वापरणे धोक्याचे असते. तसेच नावावरून यंत्राचे स्थान वा कार्य कळत नसल्याने ती माहिती स्वतंत्र नोंदवहीत ठेवावी लागते. नाव केवळ ओळख पटविते. यंत्राचे वर्णन करीत नाही. यामुळेच यंत्राचे कार्य बदलले, तरी नाव बदलावे लागत नाही.