पुढें जाण्याचें तिकीट

उन्हाळ्याच्या सुटींत भाच्यांनीं मामाच्या गांवीं यावें ही आपल्याकडील जुनी रीत आहे. माझें गांव कुही. नागपुरापासून सुमारें ४० किलोमीटरांवर. मामानें दाखवावें असें तेथें काय आहे म्हणाल, तर बाजार, मिरच्यांचे ढीग आणि अंभोऱ्याचा संगम. हें सारें तीन दिवसांत संपलें आणि भाचा व भाची यांची खरी मागणी बाहेर पडली. त्यांना थीम पार्क, म्हणजे पाळणे, घसरगाड्या व पाण्याचे खेळ यांचें भलें मोठें उद्यान पाहावयाचें होतें. रात्रभर आगगाडीचा प्रवास करून आम्ही एका मोठ्या शहराजवळच्या अशा उद्यानांत गेलों. त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. जी गोष्ट मी सांगणार आहे ती पुष्कळ ठिकाणीं घडते.

प्रवेशाचे पैसे भरले. एवढ्या पैशांत आंतील सर्व खेळ खेळावयास मोकळीक, असें तिकिटावरच छापलें होतें. उंचावरून खालीं झेपावणाऱ्या गाडीपुढें मोठी रांग होती; पत्र्याच्या छपराखालीं आम्ही तास-सव्वा तास उभे राहिलों. पाळी अगदीं जवळ आली, तोंच पहारेकऱ्यानें बाजूची दोरी वर उचलली, आणि मनगटावर रंगीत पट्टी बांधलेलीं सातआठ माणसें हंसत-खिदळत थेट गाडींत जाऊन बसलीं. गाडी भरली व निघून गेली.

"मामा, हे लोक आपल्यानंतर आले ना? मग आधीं कसे गेले?" भाचीनें विचारलें.

"त्यांनीं जास्त पैसे दिले आहेत," मी म्हणालों.

ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, "पण आपल्याला कुठें दिले?"

नऊ वर्षांच्या मुलीच्या या प्रश्नावर मला त्या वेळीं उत्तर सुचलें नाहीं. पुढें पुष्कळ दिवस तो प्रश्न मनांत घोळत राहिला, आणि माझें आजचें भाषण म्हणजे त्याच प्रश्नाचा थोडा विस्तार आहे.

प्रथम या पासाची हकीकत. आपल्या राज्यांत खोपोलीजवळ २०१३ सालीं 'इमॅजिका' हें उद्यान सुरू झालें. तेथेंहि साध्या तिकिटाखेरीज रांग टाळणारें 'एक्स्प्रेस' तिकीट विकलें गेलें आहे. कल्पना मात्र परदेशांतली. १९९९ सालीं अमेरिकेंतील फ्लॉरिडा येथें डिस्नेच्या उद्यानांत 'फास्टपास' नांवाची सोय सुरू झाली, आणि ती फुकट होती हें ध्यानांत ठेवावें. यंत्रांतून एक चिठ्ठी निघे. तिच्यावर वेळ छापलेली असे. मधला वेळ दुसरीकडे घालवून त्या वेळीं परत यावें कीं थेट आंत प्रवेश मिळे. चिठ्ठी श्रीमंतासहि एकच व गरिबासहि एकच. २०२१ सालीं ही फुकट सोय गेली आणि तिच्या जागीं पैसे घेणारी 'लाइटनिंग लेन' आली.

हें 'लाइटनिंग' नांव आपल्याकडील वृद्ध मंडळींस ओळखीचें वाटेल. ट्रंक कॉलचे दिवस ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस आठवत असेल कीं साधा कॉल, अर्जंट कॉल आणि लाइटनिंग कॉल असे तीन प्रकार असत, व शेवटच्यास साध्या दराच्या आठपट आकार पडे. तेव्हां पैसे देऊन पुढें जाणें ही आजची नवलाई नव्हे. रेल्वेची 'तत्काळ' तिकिटें १९९७ सालीं निघालीं; मागणीप्रमाणें चढत जाणाऱ्या भाड्याचा 'प्रीमियम तत्काळ' २०१४ सालीं आला. मग उद्यानानेंच काय घोडें मारलें, असें कोणी विचारील. या आक्षेपाकडे मी येणारच आहें. परंतु आधीं हिशेब करूं, कारण या प्रश्नाचें मर्म हिशेबांतच आहे.

समजा, एका उद्यानांत दहा खेळ आहेत. प्रत्येक खेळांत तासास ६०० माणसें बसतात, आणि उद्यान आठ तास उघडें असतें. म्हणजे दिवसभरांत बसण्याच्या एकंदर जागा ४८,००० झाल्या. त्या दिवशीं ६,००० माणसें आलीं, तर प्रत्येकाच्या वाट्यास आठ खेळ येतात. आतां त्यांपैकीं ६०० जणांनीं पास घेतला. त्यांस थांबावें लागत नाहीं, म्हणून ते आठांवर थांबत नाहींत. एकेक जण वीस वेळां बसतो. त्यांनीं १२,००० जागा घेतल्या. उरल्या ३६,०००, आणि त्यांवर हक्क सांगणारीं माणसें ५,४००. प्रत्येकीं वांटणी पडली सहा व दोन-तृतीयांश. पास घेणारे १,२०० झाले, तर बाकीच्यांस पांचच मिळतील. सर्वच्या सर्व ६,००० जणांनीं पास घेतला, तर? तर पुन्हां प्रत्येकास आठ! फरक एवढाच कीं प्रत्येकानें पासाचे पैसे वर दिलेले असतील.

आंकडे मीं सोयीसाठीं धरलेले आहेत, परंतु त्यांतील न्याय आंकड्यांवर अवलंबून नाहीं. पास निघाला म्हणून गाडीस एक डबाहि जास्त जोडला जात नाहीं. रांगेंतील प्रतीक्षा नाहींशी होत नाहीं; ती एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. कोणी म्हणेल, पासवालीं माणसें उद्यानांत आलेलीं आहेतच. पास नसता तर तींहि तुमच्याच रांगेंत असतीं. खरें आहे. परंतु जीं माझ्या आधीं आलीं असतीं तीं माझ्या पुढें असतीं, आणि त्याबद्दल माझी तक्रार नसती. जीं मागून येतात त्यांनाच पुढें नेणें हा तर पासाचा उपयोग; शिवाय एकदां बसून झाल्यावर तींच पुन्हां पांच मिनिटांत दारांत उभीं असतात.

आतां भाचीचा प्रश्न पाहा. आम्हीं प्रवेशाच्या वेळीं जें विकत घेतलें तें आठ खेळांसारखें दिसत होतें. हातीं पडलें पांच-सहा. उरलेले खेळ उद्यानानें दुसऱ्या गिऱ्हाइकास पुन्हां विकले. किंमत आम्हीं मोजली, पैसे उद्यानाच्या पेटींत गेले. एकच खण दोन गिऱ्हाइकांस विकणाऱ्या कापडवाल्यास बाजारांत काय म्हणतात तें मीं सांगावयास नको.

या बाजूनें बोलणारे अर्थशास्त्रज्ञ आहेत, आणि त्यांचें म्हणणें हंसण्यावारी नेण्याजोगें नाहीं. ते म्हणतात, ज्यास वेळाची निकड अधिक तो अधिक पैसे देईल, पुष्कळ वेळ असलेला मनुष्य स्वस्तांत थांबेल, दोघेहि संतुष्ट. शिवाय पासाच्या उत्पन्नामुळें साधें तिकीट स्वस्त ठेवतां येतें. पहिल्या विधानांत एक गृहीत दडलें आहे: जो जास्त पैसे देतो त्याची निकडहि जास्त असते. त्या दिवशीं त्या रांगेंत सर्वांत अधिक निकड कोणाची होती? शहरांतल्या मनुष्यास पुढच्या रविवारीं परत येतां येतें. कुहीहून रात्रभर प्रवास करून आलेल्या व संध्याकाळची गाडी गांठावयाची असलेल्या मुलांस तो एकच दिवस होता. परंतु निकड व ऐपत या दोन निराळ्या वस्तु आहेत, आणि खिडकीवरील कारकुनास फक्त दुसरी दिसते. दुसरें विधान, साध्या तिकिटाच्या स्वस्ताईचें, खरें असूं शकेल. पण मग तें तसें सांगावें. 'हें तिकीट स्वस्त आहे, कारण तुम्हांस मागें थांबावें लागेल' असा फलक मीं कोणत्याहि दारावर वाचलेला नाहीं.

येथेंच रेल्वेच्या तत्काळाचा भेद दिसतो. गणित तेथेंहि तेंच आहे. परंतु तत्काळच्या जागा आधींच वेगळ्या काढलेल्या असतात, त्यांचा दर जाहीर असतो, आणि ज्याचें साधें तिकीट पक्कें झालें त्यास गाडींत बसल्यावर उठवून तेथें दुसरा बसविला जात नाहीं. पहिल्या वर्गाचा उतारू जास्त पैसे देतो, पण तो निराळ्या डब्याचे देतो. आमच्या कुहीवरून नागपूर-नागभीड ही छोटी गाडी जात असे. रुंद रुळांच्या कामासाठीं ती २०१९ सालीं बंद झाली. तिच्यांत खिडकींतून रुमाल टाकून जागा धरण्याची जी कला होती तिचें समर्थन मी करीत नाहीं; निदान रुमाल कोणासहि टाकतां येत असे.

विदर्भांत रांगेचें खरें शिक्षण कापसानें दिलें. १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हां खरेदी-केंद्राबाहेर बैलगाड्यांच्या लांबच लांब रांगा लागत. शेतकरी गाडीखालींच निजत, शिदोरी तेथेंच सोडीत. या रांगेंतून एकादी गाडी पुढें काढली गेली तर जें रण माजे तें पाहिलेला मनुष्य रांग म्हणजे केवळ गैरसोय असें कधीं म्हणणार नाहीं. ज्यापाशीं वशिला नाहीं, पैसा नाहीं, त्याच्यापाशीं 'मी आधीं आलों' एवढाच हक्क असतो, आणि रांग तोच मान्य करते.

हा हक्क आपल्याकडे फार जुनाहि नाहीं. लग्नांतली पहिली पंगत कोणाची, हें कोण आधीं आला यावर ठरत नसे. मान कोणाचा यावर ठरे. देवळांत तर कित्येकांस रांगेच्या शेवटींहि जागा नव्हती. नाशिकच्या काळारामाच्या दारीं २ मार्च १९३० रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह सुरू झाला. पंढरपूरच्या विठ्ठल-मंदिरासाठीं साने गुरुजींनीं मे १९४७ मध्यें उपोषण केलें. जन्मावरून लागणारा क्रम मोडून येण्याच्या वेळेवरून लागणारा क्रम आणण्यास एवढे कष्ट पडले. त्यानंतर शंभर वर्षें उलटण्यापूर्वींच तो क्रम थैलीवरून लागूं लागला आहे, आणि तोहि त्याच जागीं. त्र्यंबकेश्वरास आज २०० रुपये देऊन वेगळ्या रांगेनें दर्शन घेतां येतें. देशांतील मंदिरांत जादा शुल्क घेऊन दिलें जाणारें विशेष दर्शन अवैध ठरवावें, असा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढें आला होता. सरन्यायाधीश संजीव खन्ना यांच्या पीठानें ३१ जानेवारी २०२५ रोजीं तो ऐकण्यास नकार दिला; अशी विशेष वागणूक असूं नये असें न्यायालयाचें मत असूं शकेल, परंतु घटनेच्या ३२ व्या अनुच्छेदाखालीं हात घालण्याजोगें हें प्रकरण नव्हे, असें सांगून. म्हणजे प्रश्न पुन्हां देवस्थानांच्या व भक्तांच्या विवेकावर आला. महाशिवरात्रीस अंभोऱ्याच्या रांगेंत उभा राहतांना मला याची आठवण होते.

देवळाची व उद्यानाची तुलना अनेकांस रुचणार नाहीं, हें मी जाणतों. अमेरिकेंतील हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल सँडेल यांनीं २०१२ सालीं पैशानें काय विकत घेतां येऊं नये यावर जो ग्रंथ लिहिला, त्याचें पहिलेंच प्रकरण रांग ओलांडण्याविषयीं आहे. आणि विमानतळ, उद्यानें, दवाखाने हे सर्व त्यांत शेजारीं-शेजारीं बसतात. करमणूक ही कांहीं जीवनावश्यक वस्तु नव्हे. ज्यास पटत नाहीं त्यानें जाऊं नये, हें उत्तर उद्यानास शोभेल. पण मूल जेथें प्रथम रांगेंत उभें राहतें ती जागा पुष्कळदां हीच असते.

यांत मला सर्वांत भीति वाटते ती मालकाच्या मोहाची. रांग जितकी लांब तितका पास आकर्षक. एका खेळावर दुसरी गाडी सोडली तर रांग निम्मी होईल, आणि त्याबरोबर पासाची विक्रीहि. रांग कमी करणें ज्याचें काम त्यालाच तिच्यापासून उत्पन्न होऊं लागलें, तर ती कमी होण्याची आशा कोणी करावी? उपाय नाहींत असें नव्हे. सुटीच्या दिवशींचें तिकीट महाग व बुधवारचें स्वस्त ठेवतां येतें. गर्दी आपोआप वांटली जाते आणि आंत गेल्यावर सर्व सारखे. सकाळचा एक जादा तास उघडून तो महाग विकावा. त्या तासाच्या जागा खरोखरच नव्या असतात. वेळ छापलेली फुकट चिठ्ठी तर करून पाहिलेलीच आहे. अपंग, वृद्ध किंवा गर्भवती स्त्री यांस पुढें सोडलें तर रांगेंतला एकहि मनुष्य कुरकुरत नाहीं, कारण तेथें निकड डोळ्यांस दिसते.

आणि पास विकावयाचाच असेल, तर प्रत्येक फेरींत त्यासाठीं किती जागा राखल्या आहेत हें प्रवेशाच्या खिडकीवर लिहावें, म्हणजे गिऱ्हाइकास आपण आठ खेळ घेतों आहों कीं पांच, हें पैसे देण्यापूर्वीं कळेल. त्या दिवशीं परत निघतांना मीं हा प्रश्न खिडकीवर विचारला. आंतला तरुण सभ्य होता. असें कोणी विचारीत नाहीं, म्हणाला, आणि चौकशीसाठीं त्यानें मला पलीकडच्या खिडकीकडे पाठविलें. तेथें रांग होती. संध्याकाळची गाडी गांठावयाची होती, म्हणून आम्ही निघालों.