संस्थेचा गल्ला आणि दुकानाचा गल्ला

आपल्या बाजारात एखादी नवी कमिटी उभी राहिली की अध्यक्षपदासाठी डॉक्टर किंवा वकील शोधतात, सेक्रेटरीपदासाठी मास्तर शोधतात आणि खजिनदारपदासाठी कापडवाल्याकडे येतात. बोलणेही ठरलेले असते, ‘‘सेठ, तुम्हाला हिशोब येतो आणि तुमचे हात साफ आहेत.’’ २०१८ साली आम्हालाही याच शब्दांत गळ घातली गेली आणि हातातला चहा संपायच्या आत आम्ही होकार दिला. हिशोब येणे आणि हात साफ असणे, या दोन गोष्टी त्या खुर्चीसाठी पुरेशा नाहीत, हे समजायला आम्हाला एक वर्ष आणि थोडी बेअब्रू लागली. आपल्यातले कितीतरी व्यापारी बंधू आज ना उद्या अशा पदावर बसणार आहेत. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा अनुभव लिहीत आहोत.

आमची संस्था मालेगावात आहे आणि फार लहान आहे. दोन खोल्या, एक पडवी आणि वर कौलांचे छप्पर. १८५७ नंतर उत्तरेकडून जी विणकर कुटुंबे मालेगावात येऊन वसली, त्यांच्या हातमागाच्या काळातील वस्तू येथे जपून ठेवल्या आहेत. एक खड्ड्याचा माग आहे. धोटे, फण्या, कांड्या भरायचा चरखा, कापडाच्या ताग्यावर चिकटवायची जुनी रंगीत तिकिटे, फोटो आणि जुन्या वह्या आहेत. गावात आता यंत्रमागाचा खडखडाट रात्रंदिवस चालतो, पण हातमागावर बसलेला माणूस नव्या पिढीने पाहिलेला नाही. शाळेची मुले येतात, धोटा हातात घेऊन पाहतात आणि आपल्या पणजोबांचा धंदा काय होता ते समजून जातात. संस्थेचा वर्षाचा खर्च आमच्या दुकानाच्या लग्नसराईतील आठवड्याच्या उलाढालीइतकाही नाही. म्हणूनच आम्ही हे काम हलके समजलो.

पहिले वर्ष

आमच्या आधीच्या खजिनदार साहेबांनी वीस वर्षे काम पाहिले होते. त्यांच्या इमानदारीबद्दल तेव्हा कुणाला शंका नव्हती आणि आजही नाही. त्यांनी आमच्या हाती एक कापडी पिशवी दिली. तीत पासबुक, दोन पावतीपुस्तके आणि चिठ्ठ्यांची एक गड्डी होती. बाकी सारा हिशोब त्यांच्या डोक्यात होता. एखादी रक्कम विचारली की ते डोळे मिटून बिनचूक सांगत. आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही, कारण आम्हीही तसेच होतो.

त्या पावसाळ्यात छप्पर गळू लागले. मागाच्या लाकडावर पाणी पडत होते. सभा बोलवा, ठराव करा, चेकवर दुसऱ्याची सही घ्या, इतका वेळ कुठला? आम्ही दुकानाच्या गल्ल्यातून पैसे काढले, ताडपत्री आणली, सुतार लावला. पुढे लाइट बिल आणि राखणदाराचा पगारही दुकानातूनच गेला. दुसऱ्या बाजूने ओळखीचे लोक दुकानात येऊन देणगी देत. कुणी नोटा हातात ठेवी, कुणी काउंटरवरच्या क्यूआर कोडवर पैसे पाठवी. तो कोड दुकानाच्या खात्याचा होता. आमचा विचार साधा होता. पैसे इकडून गेले, इकडेच आले. वर्षअखेर वजाबाकी करू.

मार्च संपला आणि आम्ही ती वजाबाकी केली. आमच्या हिशोबाने दुकानातून ६८,४०० रुपये खर्च झाले होते आणि ५४,९०० रुपये देणगी आली होती. म्हणजे संस्था आमचे १३,५०० रुपये देणे लागत होती. ते सोडून देण्याची आमची तयारी होती आणि खरे सांगायचे तर त्याचा थोडा अभिमानही होता.

ऑडिटर साहेबांनी कागद मागितले. बिले निघाली ५१,२०० रुपयांचीच. सुताराने आणि हमालाने बिल दिले नव्हते आणि आम्ही साधी सही केलेली चिठ्ठीही घेतली नव्हती. देणगीदारांकडे चौकशी केली तेव्हा देणगीची बेरीज ५७,४०० रुपये भरली. आमच्या लक्षात न राहिलेल्या २,५०० रुपयांच्या रकमा लोकांच्या मोबाईलमध्ये नोंदलेल्या होत्या. आम्ही समजत होतो की संस्था आमचे देणे लागते. कागद सांगत होता की आम्हीच संस्थेचे ६,२०० रुपये देणे लागतो.

‘‘सेठ, तुम्ही एक पैसा खाल्ला नाही हे मला माहीत आहे,’’ ऑडिटर साहेब म्हणाले, ‘‘पण मला माहीत असून काय उपयोग? हे मी लिहिणार कशाच्या आधारावर?’’ मग त्यांनी कायद्याचे पुस्तक उघडले. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम आज महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम या नावाने ओळखला जातो. त्याच्या कलम ३६अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी घेतल्याशिवाय विश्वस्ताला संस्थेसाठी कर्ज काढता येत नाही आणि संस्थेच्या पैशातून स्वतःसाठी उसने तर घेताच येत नाही. आम्ही संस्थेसाठी खर्च करून तो पुढे वळता करायचे ठरवले, ते संस्थेने आमच्याकडून घेतलेले कर्ज ठरू शकत होते. देणगीचे पैसे दुकानाच्या खात्यात पडून राहिले, ते आम्ही संस्थेकडून घेतलेले उसने ठरू शकत होते. एका वर्षात दोन्ही बाजूंनी आम्ही अडकलो होतो, आणि तेही पुण्याचे काम समजून.

आम्ही त्याच आठवड्यात ५७,४०० रुपयांचा चेक देणगीदारांच्या यादीसह संस्थेच्या खात्यात भरला. केलेला खर्च परत मागणार नाही असे लिहून दिले आणि कमिटीने तसा ठराव केला. तरीही ऑडिटर साहेबांनी शेरा लिहिला. तो त्यांना लिहावाच लागतो, कारण अनियमित व्यवहार दाखवून देणे हे कायद्याने ऑडिटरचे कर्तव्यच आहे. अहवाल धर्मादाय कार्यालयात गेला. बाजारात चहाच्या टपरीवर बोलले जाऊ लागले, ‘‘ऐकले का, सेठच्या हिशोबात घोळ निघाला.’’ तीस वर्षे सचोटीने धंदा केलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटले असेल, ते व्यापारी वाचकांना सांगायला नको.

जुन्या वहीतील धडा

राजीनामा लिहून आम्ही खिशात ठेवला होता. तो देण्यापूर्वी एका दुपारी संस्थेत एकटेच बसलो होतो. समोरच्या कपाटात एका सूतव्यापाऱ्याची उर्दूतील जुनी वही होती, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले असल्याने वाचायला अडचण नव्हती. १९४३ मध्ये सरकारने कापड व सूत नियंत्रण आदेश काढला तेव्हाची ती वही. सूत मोजून मिळत होते आणि काळ्या बाजाराचा मोह दारात उभा होता.

सुताचा नंबर म्हणजे एका रतलात ८४० वारांच्या किती लड्या बसतात तो आकडा. म्हणून ४० नंबरच्या दहा रतलांच्या बंडलात ४०० लड्या हव्यात. त्या व्यापाऱ्याने बंडल फोडून मोजल्याची नोंद होती : ३९८, दोन कमी. कोणत्या विणकराला किती दिले, कोणत्या दिवशी, कुणाच्या समक्ष, हे सारे लिहिलेले होते. एका पानावर त्याने स्वतःच्या घरी नेलेली साडी स्वतःच्या नावे टाकली होती, आणि गिऱ्हाइकाला जो भाव तोच भाव लावला होता.

तो माणूस जाऊन जमाना झाला. त्याला ओळखणारा, त्याच्या इमानदारीची साक्ष देणारा आज कुणी नाही. साक्षीची गरजही नाही. ऐंशी वर्षांनंतर एक परका माणूस वही उघडतो आणि त्याला दोन लड्यांचाही हिशोब समजतो. आमचा मागच्या वर्षीचा हिशोब मात्र आम्ही स्वतः समोर बसूनही पटवून देऊ शकलो नव्हतो. आपल्या मालाची अशी वही जपणाऱ्या संस्थेचा स्वतःचा हिशोब पिशवीत असावा, ही शरमेची गोष्ट होती. राजीनामा आम्ही खिशातच राहू दिला.

वडीलधारे म्हणत, हिसाब जौ-जौ, बख्शिश सौ-सौ. द्यायचे तर शंभर द्या, पण हिशोब जवाच्या दाण्याचाही ठेवा. आम्ही पहिले केले होते आणि दुसरे विसरलो होतो.

आता आम्ही काय करतो

संस्थेची रोजकीर्द वेगळी आहे आणि व्यवहार झाला त्याच दिवशी लिहिली जाते. खर्च कितीही लहान असो, व्हाउचर बनते. बिल देता न येणाऱ्या कारागिराची सही किंवा अंगठा घेतला जातो. चेकवर दोन सह्या लागतात. क्यूआर कोड संस्थेच्या बँक खात्याचा आहे आणि तो संस्थेच्या भिंतीवर लावलेला आहे. दुकानात कुणी देणगी आणली तर आम्ही त्याला हात जोडून संस्थेत पाठवतो. दानपेटी दोघांच्या समक्ष उघडते आणि मोजलेल्या रकमेखाली दोघे सही करतात.

छपराचा निधी छपरासाठीच राहतो. वार्षिक कार्यक्रमाला पैसे कमी पडले म्हणून त्याला हात लावला जात नाही. व्यापाऱ्याला हे जड जाते, कारण दुकानात पैसा फिरवणे हीच हुशारी समजली जाते. संस्थेत देणगीदाराने ज्या कामासाठी पैसा दिला, त्या कामासाठी तो अमानत आहे.

वस्तूंचे रजिस्टरही हिशोबाचाच भाग आहे, हे आम्हाला उशिरा उमगले. कोणता धोटा कुणी कायमचा दिला आणि कोणता फोटो फक्त ठेवायला दिला, हे लिहिलेले नसेल तर देणारा गेल्यावर त्याच्या वारसांशी वाद होतो.

आयकराची बाजू सांभाळावी लागते. २०१७-१८ या वर्षापासून २,००० रुपयांहून मोठ्या रोख देणगीवर देणगीदाराला ८०जी ची सवलत मिळत नाही. २०२१-२२ पासून देणगीदारांची यादी पॅनसह आयकर खात्याकडे भरावी लागते. संस्थेने नाव भरलेच नाही तर देणगीदाराची सवलत अडते आणि दोष आपल्याकडे येतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा आपल्या सीएला विचारून घ्यावे. आकडे बदलतात, रोजकीर्द लिहिण्याची गरज बदलत नाही. तसेच विश्वस्त बदलला की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा. अनेक संस्थांत वारलेल्या माणसांची नावे वर्षानुवर्षे दप्तरी राहतात आणि मग बँकेचे काम अडते.

सर्वात मोठा बदल म्हणजे दर तीन महिन्यांनी जमाखर्चाचे एक पान मराठीत आणि उर्दूत लिहून आम्ही पडवीत लावतो. येणारा-जाणारा कुणीही ते वाचतो.

भिंतीवरच्या पानाची किंमत

या पानाचा खरा उपयोग २०२२ मध्ये कळला. छपराचे पक्के काम करायचे होते. जुन्या व्यवहारातील एका गिऱ्हाइकाने पाच लाखांचा चेक देऊ केला. अट एवढीच की साडेचार लाख रोख परत करावेत आणि पावती पाच लाखांची द्यावी. संस्थेला पन्नास हजार सुटतील, त्यांचा कर वाचेल. ‘‘सेठ, तुमच्या छपराचेच काम होते आहे ना?’’ ते म्हणाले.

पहिल्या वर्षीचे आम्ही असतो तर कदाचित घोटाळलो असतो. त्या दिवशी आम्ही त्यांना पडवीत नेले आणि ते पान दाखवले. ‘‘भाई, पाच लाख जमा येथे लिहावे लागतील. मग साडेचार लाख कोणत्या खर्चात लिहू, ते तुम्हीच सांगा.’’ ते काही बोलले नाहीत. पुढे त्यांनी आमच्याकडून माल घेणे बंद केले आणि दुकानाचे नुकसान झाले. छप्पर आणखी एक पावसाळा ताडपत्रीखाली राहिले. २०२३ मध्ये ते पूर्ण झाले, पाचशे-हजारांच्या देणग्यांतून. त्यातले कित्येक देणगीदार पडवीतले पान वाचून आत आले होते.

आता आम्ही हे पद सोडणार आहोत. आमच्या जागी एक शिक्षिका येत आहेत. त्यांनी कधी दुकान चालवलेले नाही, म्हणून काही सभासदांना काळजी वाटते. मागच्या आठवड्यात आम्ही त्यांच्यासमोर रोजकीर्द, व्हाउचर फाईल, पासबुक आणि वस्तूंचे रजिस्टर ठेवले आणि दूर जाऊन बसलो. अर्ध्या तासाने त्या म्हणाल्या, ‘‘चाचा, विचारण्यासारखे काही राहिलेच नाही.’’

व्यापारी बंधूंना आमची विनंती आहे की अशी पदे नाकारू नका. आपल्याजवळ जो हिशोबाचा हुन्नर आहे, त्याची लहान संस्थांना फार गरज आहे. फक्त होकार देण्यापूर्वी दोन गोष्टी मागून घ्या, वेगळे बँक खाते आणि दुसऱ्याची सही. आणि हिशोब असा ठेवा की उद्या आपण नसलो तरी तो वाचणाऱ्याला आपल्याबद्दल कुणाला काही विचारावे लागू नये.